बोटभर जागा

मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. जमिनीखाली लोखंड, पितळ किंवा तांबं असलं की मी ओरडतो; नसलं की गप्प बसतो. माझं काम एवढंच. तरीही माझी गोष्ट मला सरळ सांगता येत नाही. तिच्या मधोमध एक दिवस आहे, आणि कुठूनही निघालो तरी मी त्या दिवसापाशी येऊन अडखळतो. म्हणून आधी तोच सांगायला घेतो.

तो मंगळवार होता. सकाळी काहीही वेगळं नव्हतं. मी दाराच्या मागे छत्रीशेजारी उभा होतो. फिटरनं मला उचललं, बाहेरच्या खोलीत आणलं आणि स्टुलावर बसून गुडघ्यांवर आडवं ठेवलं. फिटर म्हणजे माझा मालक. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यानं चौतीस वर्षं पाइप जोडले आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बाहेर त्याला सगळे फिटरच म्हणत. घरात त्याची बायको होती. ती मला ‘सवत’ म्हणायची. ते का, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिच्या वाटेला कधीच गेलो नव्हतो. आणि चार दिवसांसाठी त्यांची मुलगी आली होती. ती दुसऱ्या शहरात एका ग्रंथालयात काम करते. त्या दिवशी साडेदहाच्या बसनं ती परत निघणार होती. तिची बॅग माझ्या जागेपाशी, दाराजवळच तयार होती.

“ही सवत आज कुठे निघाली?” फिटरच्या बायकोनं आतून विचारलं.

“शाळेमागच्या गल्लीत. मुकादमाचा फोन आला होता. व्हॉल्व्हचं झाकण सापडत नाहीये.”

“तुम्ही निवृत्त झालात, हे त्या मुकादमाला कोणी कळवलंय का?”

“कळवलंय की. त्याला पटत नाही.”

इथे जरा थांबून मला माझं अंग समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हालाही कळायचं नाही. माझ्या तळाशी ताटाएवढी एक चकती आहे. माझे कान म्हणा किंवा नाक म्हणा, ते तिथे आहे. वर मुठीपाशी एक लहानसा डबा आहे. त्यात सेल, दोन बटणं आणि माझा आवाज. या दोघांच्या मध्ये लांब दांडा. चकतीला जे कळतं ते डब्यापर्यंत पोचवायला एक काळी वायर आहे, आणि ती दांड्याभोवती वेढे घालत वर जाते. ही वायर दांड्याला नीट बसलेली असावी लागते. ती चकतीपाशी सैल लोंबत असेल आणि मला फिरवताना हलत असेल, तर मला तीच जमिनीतल्या धातूसारखी वाटते. मग मी ओरडतो, आणि खाली काहीच नसतं. मी खोटं बोलत नाही, मित्रांनो. हे जमिनीतून आलं की माझ्याच अंगातून, ते मला त्या क्षणी खरोखर कळत नाही.

बरं, वायर फार ताणून बांधावी तर चकती मान वाकवते तेव्हा ती मुळाशीच तुटते. म्हणून फिटरची पद्धत ठरलेली होती. पहिला वेढा दांड्याच्या वरून घ्यायचा. चकतीच्या मानेपाशी एक बोट जाईल एवढीच जागा सोडायची. आणि वायर दांड्याभोवती फिरवायची नाही. वायर धरून दांडा फिरवायचा, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही. याला दोन माणसं लागतात. एक दांडा फिरवतो, दुसरा वायर सोडत जातो. मुलगी सात वर्षांची होती तेव्हापासून दांडा तिनं फिरवायचा आणि वायर फिटरनं सोडायची, असं आमचं चालत आलं होतं. शेवटी वर आणि खाली एकेक पट्टा. चपलेला असतो तसला, ओढला की चर्रकन आवाज करून उघडणारा.

आदल्या दिवशी चकती धुवायला फिटरनं वायर सोडली होती. आता ती पुन्हा बांधायची होती.

“विदुषीबाई, या जरा इकडे.”

“बाबा, मला बस आहे.”

“बस काही तुमच्याशिवाय जाणार नाही.”

“जाईल. गेल्या खेपेला गेली होती.”

“पाच मिनिटं. आज तू वायर सोड, मी दांडा फिरवतो. एकदा शिकून घे.”

“पुढच्या वेळी शिकवा ना, बाबा.”

तरी ती बसली. एका हातात फोन तसाच होता. फिटरनं दांडा तळहातांमध्ये धरून लाटल्यासारखा फिरवला, तिनं वायर सोडली. मी गोंधळलो. इतकी वर्षं जे होतं त्याच्या उलट आज का? वर जाऊन वायर संपली. वरचा पट्टा कसाबसा लागला. मग फिटरनं खालचा पट्टा घेतला. तो त्याच्या उजव्या हातातून निसटला. त्यानं तो पुन्हा धरला, आणि तो पुन्हा निसटला. फिटरनं आपल्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाचा हात आपल्या मांडीवर येऊन पडावा, तसं पाहिलं. मग तो हात हळूच दांड्याखाली सरकवला.

“पट्ट्याचा चिकटा गेलाय,” तो म्हणाला.

पट्ट्यात थोडा केरकचरा अडकला होता हे खरं. पण चिकटा गेला नव्हता. हे मला ठाऊक होतं, कारण पट्टा माझा आहे.

मुलीनं फोनवरून मान वर केली होती. मी दोघांच्या मध्ये आडवा होतो, म्हणून मला ते समजलं. तिनं पाहिलं, आणि मग केसांना बांधलेला जांभळा रबर काढला.

“हे घ्या. हा धरेल.” तिनं रबराचे दोन वेढे दिले. “झालं बघा.”

“बोटभर जागा ठेवलीस?”

“ठेवली.”

ठेवली होती, पण बोटभर नव्हे, चांगली मूठभर. चकतीच्या मानेपाशी वायरीचा एक फासा लोंबत राहिला. फिटरनं तो पाहिला असेल का? मला वाटतं, पाहिला असेल. तो एवढंच म्हणाला, “वा. पुस्तकाबाहेरचंही येतं की आमच्या विदुषीबाईंना.”

ती केस मोकळे ठेवूनच निघाली. दारातून फिटर म्हणाला, “पोचल्यावर फोन कर.”

“हो, हो,” जिन्यावरून आवाज आला.

मित्रांनो, मला वाटलं होतं की दिवसाचं महत्त्वाचं एवढंच. आता रोजचं काम. माझं असंच होतं. मला जमिनीखालचं कळतं, वरचं कळत नाही.

आता थोडं मागचं सांगतो. माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. भिंतीला लागून टेबलं होती आणि टेबलांवर वाकलेल्या बायका तांब्याची बारीक तार चकतीच्या आत वेटाळत होत्या. एकीनं माझ्यात तार घातली, दुसरीनं वरून दाट काळा लगदा ओतला, तिसरीनं माझ्यासमोर एक चमचा धरला. मी पहिल्यांदा ओरडलो. ती म्हणाली, “हा बोलतो,” आणि मला खोक्यात घातलं.

खोक्यात मी अडीच वर्षं होतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी पोचलो होतो, पण माझ्यासोबत आलेलं माहितीपुस्तक कोणाला वाचता येईना. कपाटावर खोकं, खोक्यावर धूळ, आणि धुळीवर स्टोअरकीपरचा जेवणाचा डबा. एक दिवस फिटरनं डबा बाजूला केला आणि मला बाहेर काढलं. त्यानं पुस्तकातली चित्रं पाहून मला जोडलं आणि रस्त्यावर नेलं. मी पहिल्या पावलापासून ओरडू लागलो. दोन पावलं, ओरड. आणखी दोन पावलं, ओरड. त्यानं सहा ठिकाणी रस्ता उकरला. सगळीकडे नुसती माती. महिनाभर हे चाललं. मुकादम तेव्हा नवा होता, पाइपाच्या कामावरची माणसं त्याच्या हाताखाली नुकतीच आली होती. तो म्हणायचा, “फिटर, हे यंत्र आहे की लहान मूल? उगाच रडतं.”

मग एकदा फिटरची मुलगी, तेव्हा पहिली-दुसरीत असेल, अंगणात त्याच्याकडे बघत बसली होती. ती म्हणाली, “बाबा, तो तुमच्या बुटांना घाबरतो.” फिटरनं खाली पाहिलं. ऑफिसनं दिलेले बूट, पुढे लोखंडी टोपी. माझी चकती दर फेरीला त्या बुटांवरून जात होती! दुसऱ्या दिवसापासून फिटर रबरी चपला घालून कामावर जाऊ लागला, साहेबाची बोलणी खाल्ली, आणि मी शहाणा झालो. तिला ‘विदुषीबाई’ हे नाव तेव्हा पडलं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं त्याखाली गडप होतात. पाइप फुटला की पाणी बंद करायला ते झाकण सापडावं लागतं. नकाशात लिहिलेलं असतं ‘कोपऱ्यावरच्या भिंतीपासून सात पावलं’, आणि ती भिंत दहा वर्षांपूर्वीच पाडलेली असते. मग मला बोलावणं येई. लोखंडाला माझा आवाज जाड, घोगरा; पितळेला बारीक, स्वच्छ. काही वेळा दोन्ही एकाच जागी पुरलेले असतात, आणि तेव्हा मला दोन्ही आवाज एकदम येतात. तेवढ्या वेळी मी बावरतो. फिटर मात्र नुसतं ऐकून सांगायचा, “वर पितळ, खाली लोखंड. खणा.” तो निवृत्त झाला त्याच वर्षी माझ्या अंगावर ‘निकामी’ अशी चिठ्ठी लागली. त्यानं चिठ्ठी काढली आणि मला घरी आणलं.

आता पुन्हा तो मंगळवार.

गल्लीत ऊन रणरणत होतं. एका बाजूला शाळेची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला घरांच्या पायऱ्या, आणि मध्ये नवंकोरं डांबर. मुकादम नकाशा धरून उभा होता. फिटरनं मला चालू केलं आणि दुसऱ्याच फेरीला मी ओरडलो. मुकादमानं पहार मारून डांबर फोडलं, हातभर खणलं. काही नव्हतं. फिटरनं मला उलटं करून पाहिलं. चकतीच्या मानेपाशी तो फासा झुलत होता. फिटर हसला. मला वाटलं, आता तो रबर काढेल, वायर सोडेल आणि पुन्हा बांधेल. दोन मिनिटांचं काम. पण त्यानं तसं केलं नाही. त्यानं माझी मूठच सोडली. डाव्या हातानं दांडा खूप खाली, वायरीसकट घट्ट आवळून धरला आणि वाकूनच मला फिरवू लागला. डावा हात! इतक्या वर्षांत मी त्याच्या डाव्या हातात कधी गेलो नव्हतो. मुकादम जवळ आला आणि काहीतरी म्हणाला. फिटर काहीतरी बोलला. दोघं हसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण मुकादमाच्या खांद्यावर पाने-हातोड्यांची पिशवी होती आणि ती जवळ आल्यामुळे मी जोरजोरात ओरडत होतो.

दुसऱ्या खड्ड्यात एक मोठा खिळा निघाला. तिसऱ्यात पत्र्याचा चेपलेला डबा. मग मुकादम कोपऱ्यावर पाणी आणायला गेला. तेवढ्यात मी पुन्हा ओरडलो, भिंतीच्या सावलीला लागून. जाड आवाज होता की बारीक, की नुसती वायर हलली होती? मित्रांनो, मी आठ महिने हाच विचार केला, आणि मला सांगता येत नाही. फिटरनं मुकादमाची वाट पाहिली नाही. पहार स्वतः उचलली आणि चौथा खड्डा एकट्यानं खणला. त्यात काही नव्हतं. तो शाळेच्या पायरीवर बसला. मला त्यानं समोर उभं धरलं आणि कपाळ माझ्या मुठीवर टेकलं. कपाळ ओलं होतं. मग त्याचा भार हळूहळू एका बाजूला गेला, आणि मी पडलो. माझी चकती पहारीच्या शेजारी जाऊन पडली.

पहार लोखंडाची. म्हणून मी ओरडत राहिलो. थांबलोच नाही.

मुकादम पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यावरून पळत आला. तो आनंदानं ओरडत होता, “सापडलं ना? फिटर, सापडलं ना? मी म्हटलंच होतं!”

त्या वेळी मुलगी बसमध्ये असेल. तिचा पोचल्याचा फोन कोणी घेतला, मला माहीत नाही.

मला कोणीतरी घरी आणून दाराच्या मागे उभं केलं. घरात पुष्कळ माणसं आली, चपलांचा ढीग पडला, माझ्या अंगावर कोणीतरी ओला टॉवेल टाकला. नंतर मला कपाटाच्या वर, भिंतीच्या कडेला आडवं टाकलं. सेल आतच राहिले. सेल आत राहिले की त्यांना पाणी सुटतं आणि हिरवट खार साठतो. माझा आवाज आतून कुजायला लागला. मी तिथे पडून हिशेब लावत राहिलो. चार वेळा ओरडलो, चार वेळा खणावं लागलं. पहिल्या वेळी मी चुकलो होतो, हे नक्की. चौथ्या वेळी? मी गप्प बसलो असतो तर तो पायरीवर नुसताच बसला असता, पाणी प्यायला असता आणि घरी आला असता का?

मुलगी दर महिन्याला यायची. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात तिनं एकदा खुर्चीवर चढून मला खाली काढलं. माझ्या मानेपाशी तिचा जांभळा रबर तसाच होता. तिनं त्याला बोट लावलं, वायरीचा फासा हलवून पाहिला, आणि मला पुन्हा वर ठेवून दिलं. ती रात्रभर जागी होती म्हणे, सकाळी आईनं विचारलं तर म्हणाली, “उकडत होतं.”

आठ महिन्यांनी मुकादम घरी आला. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ पंख्याकडे बघत बसला.

“वहिनी, रागावणार नसाल तर एक मागायचं होतं. फिटरचं यंत्र.”

“झाकण अजून सापडलं नाही?” फिटरच्या बायकोनं विचारलं.

“कुठलं सापडतंय. तो पाइप सारखा गळतो. दर वेळी सगळ्या भागाचं पाणी बंद करावं लागतं. वरच्या गल्लीतली माणसं माझ्या नावानं खडे फोडतात.”

“ऑफिसात नवं यंत्र आलं म्हणत होतात ना?”

“आलंय. साहेबांनी त्याच्यासोबत फोटो काढला आणि पुन्हा खोक्यात भरलं.”

फिटरची बायको हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “न्या. सवत माझी काही जात नाही घर सोडून. संध्याकाळी परत आणा म्हणजे झालं.”

मुलगी दारात उभी होती. तिनं विचारलं, “काका, त्या दिवशी बाबांनी किती खड्डे खणले?”

“एकूण चार. त्यातले तीन मी खणले, शेवटचा त्यानं.”

“त्यातले रिकामे किती?”

मुकादमानं कप खाली ठेवला. “ते कशाला आता, बाळ?”

“मला हवंय.”

“दोन. पहिला आणि शेवटचा.”

“मी येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली.

तिनं माझे फुगलेले सेल काढले, लिंबाच्या फोडीनं आतला खार घासला, पुसून कोरडं केलं आणि नवे सेल घातले. मी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. बोललो. आवाज थोडा बसला होता, एवढंच.

गल्ली तशीच होती. डांबरावर चार काळे चौकोन दिसत होते. खड्डे नंतर बुजवले होते, त्यांचा रंग बाकीच्या रस्त्याशी जुळला नव्हता. मुकादम म्हणाला, “आधी ही वायर सारखी करू.” ती म्हणाली, “नको. आधी अशीच बघते.” तिनं मला चौथ्या चौकोनावरून फिरवलं. फासा झुलला, मी ओरडलो. मग ती जिथे कधीच कोणी खणलं नव्हतं तिथे गेली, शाळेच्या पायरीजवळ. मी तिथेही ओरडलो. दर फेरीला ओरडलो. मला थांबताच येईना.

तिनं मला बंद केलं.

“म्हणजे माझ्यामुळेच,” ती म्हणाली.

“काय तुझ्यामुळे?”

“हे मी बांधलं होतं, काका. बसच्या घाईत. सैल. हा खड्डा त्यांनी माझ्यामुळे खणला. एवढ्या उन्हात.”

मुकादमानं कपाळाला हात लावला. “अगं वेडे, आठ महिने हे घेऊन बसलीस होय? त्याला माहीत होतं की! पहिल्याच खड्ड्याला कळलं त्याला. मी म्हटलं, फिटर, दे इकडे, मी बांधतो नीट. तर म्हणाला, असू दे. पोरीनं बांधलंय. आणि वायर अशी मुठीत धरून फिरला सगळी गल्ली. मी म्हटलं, विदुषीबाईंचं बांधकाम पाडायचं नाही वाटतं? तर हसला. मला हातच लावू देईना.”

तर हे बोलले होते ते! मी ओरडत होतो तेव्हा. मित्रांनो, मला फार बरं वाटलं. मला वाटलं, आता तिलाही बरं वाटेल.

पण ती हसली नाही. तिनं विचारलं, “मुठीत म्हणजे कुठल्या?”

“अं? डाव्या. हो, डाव्याच. असा वाकून.”

“आणि उजवा हात?”

मुकादमानं आठवून पाहिलं. “उजवा खिशात होता. मी म्हटलंसुद्धा, आज साहेबासारखा खिशात हात घालून काम करतोयस.” तो हसला, आणि मग तिचा चेहरा पाहून थांबला. “का गं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

मला तेव्हा दोन्ही आवाज एकदम आले. वरचा बारीक आणि स्वच्छ होता: पोरीनं बांधलंय. त्याच्या खालचा जाड होता. मुकादमाला वरचा तेवढाच ऐकू आला होता. मला दोन्ही येत होते आणि त्यांतला कुठला खरा, ते ठरवता येत नव्हतं. फिटर असता तर त्यानं सांगितलं असतं. कदाचित त्यानंही सांगितलं नसतं.

मुलगी शाळेच्या पायरीवर बसली आणि मला गुडघ्यांवर आडवं घेतलं. तिनं रबर काढला आणि मनगटात घातला. खालच्या पट्ट्यातला केर पिनेनं एकेक करून उपसला. मग म्हणाली, “काका, तुम्ही दांडा फिरवा.”

“मी?”

“वायर मी सोडते.”

मुकादमानं दांडा फिरवला. तिनं पहिला वेढा वरून घेतला. घाई केली नाही. वायर एकदा जास्त सुटली तेव्हा तिनं सगळे वेढे उलगडून पहिल्यापासून घातले. शेवटी चकतीच्या मानेपाशी स्वतःची तर्जनी घालून पाहिली. बोट गेलं, बोटापेक्षा जास्त काही गेलं नसतं. मग तिनं खालचा पट्टा ओढून दाबला. पट्टा पहिल्याच खेपेला धरला. तिनं तो उघडला, पुन्हा दाबला. पुन्हा धरला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर मी गप्प झालो. ती मला चौथ्या चौकोनावरून घेऊन गेली, मी गप्प. पायरीपाशी गप्प. पहिल्या चौकोनावर गप्प. आठ महिन्यांत एवढी शांतता मला मिळाली नव्हती. मग चौथ्या चौकोनाच्या पुढे, शाळेच्या फाटकाकडे दोन पावलं गेल्यावर, मी ओरडलो. जाड, घोगरा, एका लयीत. तिनं मला आडवं फिरवलं, उभं फिरवलं. आवाज तिथेच राहिला.

“हेच,” मुकादम म्हणाला. “दोन पावलं गं. दोन पावलं राहिली होती त्याची. थांब तू, मी माणसं आणि पहार घेऊन येतो. हलू नकोस तिथून.” आणि तो कोपऱ्याकडे पळाला.

मित्रांनो, माझ्यासारख्यानं आपली गोष्ट संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मी मागतो. काम झालं की माझ्यासारख्याचे सेल काढून ठेवा. वायर बांधताना बोटभर जागा सोडा. मूठभर नको आणि अजिबात नाही असंही नको. आणि कोणी ‘एकदा शिकून घे’ म्हणालं, तर ते आजच का म्हणतंय, एवढं मान वर करून बघा. बघितलं असेल तर बोला. यापुढचं मला नीट समजलेलं नाही, म्हणून जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगतो.

ती डांबरावर उकिडवी बसली. मला तिनं बंद केलं आणि मांडीवर घेतलं. तळहात रस्त्यावर ठेवला. खाली झाकण होतं. गल्लीत कोणी नव्हतं. ती आधी एकदा खाकरली. मग, समोर माणूस बसला असावा अशा साध्या आवाजात, म्हणाली:

“बाबा, पट्ट्याचा चिकटा गेला नव्हता. तुमची बोटं मिटत नव्हती. मला दिसलं होतं. दोन्ही वेळा दिसलं होतं. मला बस गाठायची होती, म्हणून मी काही बोलले नाही.”